ज्येष्ठांसाठी विशेष व्यवस्था

मुलगा रोज सकाळी कपाटासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आई, जरा ऊठ."

याला कारण खुर्ची होती. आईची ती लाकडी, हातांची खुर्ची भिंत आणि कपाट यांच्यामधल्या जागेत बरोबर मावत असे. पण रिकामी असली तर. आई बसली की खुर्ची एकदा 'कर्र' करायची, तिचे जुने सांधे फाकायचे, दोन्ही हात बोटबोटभर बाहेर सरकायचे आणि उजवा हात कपाटाच्या दाराला घट्ट टेकायचा. मग ते दार उघडत नसे. आई उठली की खुर्ची पुन्हा अंग चोरून घ्यायची. कपाटात मुलाचे मोजे होते. मोजे दुसरीकडे ठेवावेत हा उपाय घरात प्रत्येकाला सुचून गेला होता, पण घरात आधी कपाट आलं की आधी खुर्ची, यावर एकमत होत नव्हतं आणि तोवर मोजे हलवणं म्हणजे एका पक्षाने हार मानणं होतं.

त्या सकाळी मात्र आई उठली नाही. सभागृह समितीने घरोघर वाटलेली सूचना तिच्या हातात होती.

"'ज्येष्ठांसाठी विशेष व्यवस्था,'" तिने मोठ्याने वाचलं. "'हिवाळी मेळाव्यात थंडीचा त्रास होऊ नये म्हणून ज्येष्ठांची सोय बाजूच्या खोलीत केली आहे. कार्यक्रम तेथे पडद्यावर दिसेल. घरून खुर्च्या आणू नयेत.'"

"चांगलंय की," मुलगा म्हणाला. "उबेला बसाल. आई, जरा ऊठ, मोजे."

"ही व्यवस्था माझ्यासाठी आहे," आई म्हणाली. "बाकीचे ज्येष्ठ भरतीला घेतलेत."

यात अतिशयोक्ती नव्हती. सभागृहाचे अध्यक्ष दरवर्षी मेळाव्यात भाषण करत, आणि भाषणात दरवर्षी एक वाक्य येई, "या दोन हातांनी ही भिंत उभी केली आहे." सभागृह आणि बाजूची खोली यांच्यामधली ती भिंत अध्यक्षांनी आणि त्यांच्या मित्रांनी तरुणपणी खरोखरच उभी केली होती. गेल्या हिवाळ्यात हे वाक्य झाल्यावर अध्यक्ष टाळ्यांसाठी थांबले, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "आणि दार ठेवायला विसरलात."

हेही खरं होतं. भिंत छतापर्यंत गेल्यावर मंडळींच्या लक्षात आलं होतं की पलीकडे जायला वाटच नाही. मग गवंड्याला बोलावून एक भोक पाडून घेतलं, आणि पुन्हा काही पडू नये म्हणून गवंड्याने ते जेवढ्यास तेवढं पाडलं. तेच आजचं दार. गेल्या वर्षी सभागृह हसलं ते इतकं की भाषणाचा शेवट कुणालाच ऐकू आला नाही. वाईट म्हणजे हे सगळं कॅमेऱ्यात आलं. अध्यक्षांची परदेशातली नात ते हसणं अजून अधूनमधून लावून ऐकते असं म्हणत.

आईला गावात सगळे एक्स्चेंजमावशी म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज होतं तोवर गावातला प्रत्येक फोन तिच्या हातून जोडला गेला होता. कुणाचं कुणाशी किती वेळ आणि कोणत्या आवाजात बोलणं झालं, हे तिला ठाऊक होतं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही, पण कधीही सांगू शकेल अशा चेहऱ्याने ती बसायची. त्यामुळे गावात तिला फार मान होता.

"पडद्यावर बघायचं म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "एकतर्फी लाइन. त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं. आपला आवाज पलीकडे जायचाच नाही. असली लाइन मी नोकरीत कुणाला जोडून दिली नाही. मी सभागृहात बसणार. माझ्या खुर्चीत."

"आई, अगं लोक काय म्हणतील."

"तेच ऐकायला तर तिथे बसायचंय."

सून शाळेत शास्त्र शिकवायची. ती कमी बोलायची, आणि बोलायच्या आधी मोजायची. ती मोजपट्टी घेऊन आली, सासूबाई उठेपर्यंत शांतपणे थांबली, मग रिकाम्या खुर्चीची रुंदी मोजली. संध्याकाळी शाळेतून येताना ती सभागृहावरून आली.

"मोठ्या दारातून सहज जाईल," तिने सांगितलं. "मधल्या दारातून अगदी घासून जाईल. खाली चौकट जरा आवळलेली आहे."

"जाईल ना?"

"रिकामी असेल तर जाईल."

मुलाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो पुन्हा दुकानात निघून गेला. त्याचं औषधांचं दुकान होतं. डोकेदुखीच्या गोळ्या त्याला बाहेरून आणाव्या लागत नसत.

मेळाव्याच्या दुपारी हवा अशी गार होती की बोलणारा माणूस आधी वाफेने कळायचा आणि मग आवाजाने. खुर्ची रोपवाटिकेतून मागून आणलेल्या हातगाडीवर चढवली. मुलगा ओढत होता, सून मागून ढकलत होती. मावशी शाल घट्ट गुंडाळून फुटपाथवरून खुर्चीच्या बरोबरीने चालत होत्या, आणि समोरून येणारा प्रत्येक जण आधी खुर्चीकडे, मग त्यांच्याकडे बघून बाजूला होत होता. बेकरीवाला दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाला, "मावशी, घर बदललं?"

"नाही. जागा सोडायची नाही म्हणून चाललेय."

सभागृहाच्या मोठ्या दारात चिटणीस उभे होते. चिटणीस हा माणूस सूचना पाळण्यासाठीच जन्माला आला होता. सूचना कुणाची, कशासाठी, हे प्रश्न त्यांना पडत नसत.

"घरच्या खुर्च्या आत नाहीत," ते म्हणाले. "आणि ज्येष्ठ बाजूच्या खोलीत. बाहेरून वळसा घालून या."

"म्हणजे ज्येष्ठांनी तिकडून जायचं," मावशी म्हणाल्या.

"हो."

"तिकडे खुर्ची चालेल?"

चिटणिसांनी विचार केला. सूचनेत 'आणू नयेत' असं होतं, पण ही आणून झाली होती. "तिकडचं मला काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

बाजूची खोली लहान होती. एका भिंतीला मोठा पडदा, त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात शेगडीवर शिवणवाल्या काकूंनी चढवलेलं सुपाचं पातेलं, आणि खिळ्याला बाहेरच्या दाराच्या कुलपाची किल्ली. निवृत्त पोस्टमनकाका आणि आणखी पाचसहा ज्येष्ठ मफलर-कानटोप्यांत आधीच बसवलेले होते. पडद्यावर रिकामं व्यासपीठ दिसत होतं आणि सगळे त्याच्याकडे मन लावून बघत होते.

"काय चाललंय?" मावशींनी विचारलं.

"अजून काही नाही," पोस्टमनकाका म्हणाले. "पण स्वच्छ दिसतंय."

मावशी न थांबता मधल्या दारातून सरळ सभागृहात गेल्या. मुलगाही त्यांच्या मागोमाग गेला. त्याने पलीकडून ओढायचं आणि सुनेने अलीकडून ढकलायचं असं ठरलं होतं. खुर्ची दारात शिरली. हात चौकटीला घासले. निम्मी पलीकडे गेली, आणि तिथे, जिथे चौकट खाली आवळलेली होती, तिथे ती जराशी अडकली. जराशीच. सून खाली वाकून बघत होती. मागचा पाय किंचित तिरका झाला होता, एवढंच.

तेवढ्यात सभागृहातून अध्यक्षांचा आवाज आला. "हे काय? मावशी, तुमची व्यवस्था आत आहे."

"खुर्ची आली की बसते," मावशी म्हणाल्या. त्या व्यासपीठासमोर, सगळ्या गावाच्या देखत उभ्या होत्या.

अध्यक्ष भले गृहस्थ होते, पण त्यांना गोष्टी हातात घ्यायची सवय होती. खुर्ची मागे ओढून काढावी या इराद्याने ते मोठ्या दारातून बाहेर पडले, वळसा घालून बाजूच्या खोलीत आले आणि सुनेला म्हणाले, "सरका बाई." त्यांनी खुर्चीची पाठ धरून ओढली. खुर्ची हलली नाही. त्यांनी मान वर केली तर खुर्चीच्या पाठीवरून त्यांना पूर्ण भरलेलं सभागृह दिसलं, आणि त्या सभागृहासमोर ताटकळत उभी असलेली एक म्हातारी बाई. कॅमेरा चालू होता. गेल्या वर्षीपासून कॅमेऱ्याचा विचार अध्यक्ष आधी करत.

"अरे, मावशींना उभं काय ठेवलंय?" ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "काही माणुसकी? मावशी, बसा. तुम्ही आधी बसा बघू."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. सुनेने चष्मा पुसायला घेतला.

मावशी बसल्या. खुर्ची 'कर्र' झाली.

मग अध्यक्षांनी पुन्हा ओढून पाहिलं. पोस्टमनकाकांना मदतीला घेऊन ओढलं. पलीकडून मुलाला ढकलायला सांगितलं. खुर्ची आणि चौकट आता एकाच झाडाच्या असल्यासारख्या झाल्या होत्या.

"मी उठू का?" मावशींनी विचारलं.

"छे छे," अध्यक्ष धापा टाकत म्हणाले. "तुम्ही मुळीच उठू नका. तुमच्या वयाला ते शोभत नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

याच वेळी बाहेर चिटणिसांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांची त्यांना सूचना होती, सगळे ज्येष्ठ आत बसले की बाजूच्या खोलीचं बाहेरचं दार लावून टाका, वारा येतो आणि कुणी उगाच उठून इकडे येतं. चिटणिसांनी खिडकीतून डोकी मोजली. जमलेल्या ज्येष्ठांत अध्यक्षांचं डोकं वेगळं काढावं, असं त्या डोक्यात काही नव्हतं. त्यांनी दार ओढलं, कुलूप दाबून बंद केलं आणि समाधानाने मोठ्या दारातून सभागृहात जाऊन बसले.

कुलूप बाहेर होतं. किल्ली आत खिळ्याला होती. खिडक्यांना गज होते. आणि उरलेल्या एकमेव वाटेत मावशी बसल्या होत्या.

हे अध्यक्षांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दार दोनतीनदा हलवून झाल्यावर ते मधल्या दाराशी आले. "मावशी, ही किल्ली तेवढी चिटणिसांना द्या. त्यांना म्हणावं बाहेरून उघडा."

मावशींनी मागे हात करून किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि स्वेटरच्या खिशात टाकली.

"मावशी?"

"लाइन व्यस्त आहे," मावशी म्हणाल्या. "थांबा, जोडून देते."

सभागृहात पहिल्या रांगेने हे ऐकलं आणि मागच्या रांगेला सांगितलं. गावाला एक्स्चेंजचा तो आवाज ओळखीचा होता. मंडळी सावरून बसली.

सुताराला पुढे बोलावण्यात आलं. तो कार्यक्रमाला नवा कोट घालून आला होता आणि गुडघे टेकायची त्याची तयारी नव्हती. उभ्यानेच त्याने सगळं न्याहाळलं. "दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक तर खुर्चीचा हात कापायचा."

"आधी माझा काप," मावशी म्हणाल्या.

"नाहीतर चौकट काढायची. पण चौकट काढली की वरचा भाग जरा येईल खाली. भिंत तशी..." सुताराने शब्द शोधला. "हौशी आहे."

"भिंतीला हात लावायचा नाही," खोलीतून अध्यक्षांचा आवाज आला.

"मग तुम्ही आतच राहणार."

"राहीन."

"नाहीतर बाहेरचं कुलूप तोडतो."

यावर चिटणीस उभे राहिले. सभागृहाच्या कोणत्याही वस्तूची मोडतोड समितीच्या बैठकीत ठराव झाल्याशिवाय करता येत नाही, असा नियम अध्यक्षांनीच केला होता. बैठकीला अध्यक्ष समोर असावे लागतात. "तुम्ही इकडे आलात की लगेच बैठक घेऊ," त्यांनी दाराकडे बघून आदराने सांगितलं.

सुतार जागेवर जाताना वाकून म्हणाला, "मावशी, तुम्ही मात्र उठू नका हां. उगाच धक्का बसायचा."

"नाही उठत," मावशी म्हणाल्या.

मुलगा हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. रोज सकाळी जे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघे, ते आता ओठांपर्यंत आलं होतं. "आई," तो म्हणाला, "जरा..."

खुर्चीच्या पाठीवरून सुनेने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. संसार केलेल्या माणसाला एवढं पुरतं.

"जरा सूप घेतेस का?" मुलगा म्हणाला.

"चालेल. गरम आहे का बघ."

सूप खोलीत होतं आणि पिणारी माणसं सभागृहात. कार्यक्रम सुरू होण्याआधी सगळ्यांना सूप द्यायचं ठरलेलं, म्हणून शिवणवाल्या काकू एकेक वाटी भरून सुनेकडे, सून मावशींच्या खांद्यावरून मावशींकडे आणि मावशी पुढे मुलाकडे देऊ लागल्या. पहिली वाटी मावशींनी चाखली.

"मीठ कमी आहे."

"अगं, ज्येष्ठांना चालत नाही म्हणून," काकू म्हणाल्या.

"हे तरुण लोक पिणार आहेत. त्यांनी काय गुन्हा केलाय?"

मीठ पडलं. वाट्या जाऊ लागल्या. प्रत्येक वाटी कुणाला जाते हे मावशी बघत होत्या आणि वाटीबरोबर निरोपही जात होते. पोस्टमनकाकांनी त्यांच्या बहिणीला विचारलं होतं की ती दिसत का नाही. बहिणीने उलट विचारलं की पडद्यावर आपण दिसतो का. "दोघं एकदम बोलू नका," मावशी म्हणाल्या. "हं, आता तुम्ही बोला." बहिणीला लोकांची डोकी मध्ये येत होती म्हणून पहिल्या रांगेत जागा करून दिली. तिथे बसून ती सरळ दारातून भावाकडे बघून हात हलवू लागली. काकांनी पडद्याकडे पाठ केली. पाठोपाठ इतर ज्येष्ठांनीही प्लॅस्टिकच्या खुर्च्या वळवल्या. पडद्यापेक्षा दार लहान होतं, पण त्यातली माणसं उत्तर देत होती.

खोलीत अध्यक्ष सुनेला म्हणाले, "बाई, तुम्ही शास्त्र शिकवता. काहीतरी सुचवा."

"घर्षण आहे," सून म्हणाली.

"ते दिसतंय मला."

"दोन्ही बाजूंनी चौकटीवर दाब पडतोय. दाब आहे तोवर कितीही ओढलं तरी उपयोग नाही."

"दाब कशाने कमी होईल?"

सुनेने प्रश्नाचा विचार केला. खोटं तिला बोलता येत नसे आणि आज तिला सगळं खरंही बोलायचं नव्हतं. "ज्या कारणाने पडतोय, ते कारण दूर झालं की," ती म्हणाली.

"म्हणजे भिंत पाडली की," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले. सुनेने हे वाक्य दुरुस्त केलं नाही. वर्गात केलं असतं.

कार्यक्रम सुरू झाला. अध्यक्षांना एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसावं लागलं आणि पडद्यावर बघावं लागलं, कारण दारात तोपर्यंत ज्येष्ठांची गर्दी झाली होती आणि उशिरा आलेल्याला कुणी पुढे घेतलं नाही. पडद्यावर महिला मंडळ गायला उभं राहिलं. कॅमेरा असा लावला होता की मंडळाची फक्त पहिली ओळ दिसत होती आणि तीही नाकापासून खाली. आवाज ओठांच्या मागून यायचा. एकदा चित्र थांबलं आणि तोंडं उघडी ठेवलेल्या चार बायका खोलीकडे बघत राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, "हे असंच दिसणार होतं?"

"आम्हाला मघाशी तर काहीच दिसत नव्हतं," पोस्टमनकाका दारातून म्हणाले. "तुमचं नशीब चांगलं."

अध्यक्षांना शिंक आली. खिडकीच्या फटीतून वारा थेट त्यांच्या मानेवर येत होता. काकूंनी न विचारता एक जुना मफलर त्यांच्या गळ्यात गुंडाळला. आता त्यांच्यात आणि बाकीच्या मंडळींत काही फरक राहिला नव्हता.

मग व्यासपीठावरून अध्यक्षीय भाषणाची घोषणा झाली. सभागृह गप्प झालं. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"मला माइक द्या," खोलीतून अध्यक्ष म्हणाले. "मी इथून बोलतो."

माइकची वायर लांब होती. मुलाने माइक आईच्या हातात दिला. तो पलीकडे देताना मावशी क्षणभर थांबल्या. संपूर्ण गावाला माहीत होतं की त्या न देताही बसू शकतात. खोलीतल्या माणसालाही ते माहीत होतं.

"मावशी," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "लाइन द्या ना."

"बोलणं दोन्हीकडून होईल," मावशी म्हणाल्या. "एकतर्फी नाही. कबूल?"

"कबूल."

त्यांनी माइक दिला. "बोला. आणि वेळ लक्षात ठेवा, मागे बरेच लोक थांबलेत."

अध्यक्षांचं भाषण लिहिलेलं होतं, पण चष्मा सभागृहातल्या पिशवीत होता. ते आठवून बोलू लागले. सभागृहाला आवाज येत होता आणि माणूस दिसत नव्हता. रिकाम्या व्यासपीठाकडे बघत सगळे ऐकत होते. ज्येष्ठ अधूनमधून खोकत होते आणि प्रत्येक खोकला माइकमधून थेट सभागृहात जात होता. अध्यक्षांनी थंडीबद्दल सांगितलं, एकोप्याबद्दल सांगितलं, आणि सवयीने बोलत बोलत ते तिथे आले.

"या दोन हातांनी," ते म्हणाले, "ही भिंत उभी केली आहे."

आणि थांबले. टाळ्या आल्या नाहीत. अख्खं सभागृह मावशींकडे बघत होतं. मुलाने डोळे मिटून घेतले होते. मागच्या रांगेतले लोक उभे राहिले होते.

मावशी काही बोलल्या नाहीत. शाल सारखी करून त्या खुर्चीत बसून राहिल्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाठ सरळ. एक्स्चेंजमध्ये कुणी बोलताना अडखळला तर त्या अशाच थांबायच्या.

पलीकडे पोस्टमनकाका खोकले. अध्यक्षांनी समोर पाहिलं. समोर भिंत होती, ओल आलेली, एका बाजूला किंचित पोट सुटलेली, त्यांचीच. त्यातल्या त्या जेवढ्यास तेवढ्या भोकात एक खुर्ची, आणि तिच्या पाठीवर एक पांढरा अंबाडा. त्यांच्या मानेवर वारा आला.

"आणि दार ठेवायला विसरलो," अध्यक्ष म्हणाले.

आधी खोलीतले ज्येष्ठ हसले, मग सभागृह. यंदाचं हसणं गेल्या वर्षीपेक्षा मोठं होतं. माइकमधून त्यात एक आवाज अध्यक्षांचाही येत होता, शिंकांमध्ये मिसळलेला. चिटणीस सूचना नसतानाही हसले.

"आता लाइन मोकळी झाली," मावशी म्हणाल्या, आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या.

खुर्ची 'कर्र' झाली आणि अंग चोरून उभी राहिली. मुलाने तिला एका हाताने पुढे ओढलं. मुलाच्या मागे ती अशी निघाली, जशी काही तिला कुणी कधी अडवलंच नव्हतं. सभागृहात हळूहळू हसणं थांबलं. सुतार जागेवर उभा राहिला होता.

मोकळ्या दारात अध्यक्ष आले, मफलर गुंडाळलेले, हातात माइक. "म्हणजे," ते म्हणाले, आणि हे सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, "तुम्ही उठला असता तर..."

"मी तर विचारलं होतं."

"पण मग उठला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, उठू नका. सुतार म्हणाला, उठू नका." मावशींनी खिशातून किल्ली काढून चिटणिसांच्या हातावर ठेवली. "चारचौघांत इतका मान मिळत असेल तर कोण उठेल?"

अध्यक्षांनी सुनेकडे पाहिलं. "आणि बाई, तुम्ही?"

"तुम्ही कारण विचारलं नाहीत," सून म्हणाली. "उपाय विचारलात."

त्यांच्या मागून पोस्टमनकाका आपली प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन दारातून बाहेर आले, त्यांच्यामागे बाकीचे. कुणी त्यांना जागा दाखवली नाही. त्यांनीच पहिली रांग जरा मागे सरकवली आणि तिच्यापुढे आणखी एक केली. मावशींची खुर्ची मधोमध ठेवली गेली. उरलेला कार्यक्रम त्या खोलीच्या पडद्यावर कुणी पाहिला नाही.

निघताना चिटणीस अदबीने पुढे आले. "मावशी, एवढ्या थंडीत खुर्ची परत कशाला नेता? इथेच राहू द्या. पुढच्या वर्षी तुमची जागा तयार."

मुलाचा चेहरा उजळला. कपाट डोळ्यांसमोर आपोआप उघडताना त्याला दिसलं असावं. "खरंच, आई. त्यांचं बरोबर आहे."

"नाही," मावशी म्हणाल्या. "खुर्ची इथे ठेवली की पुढच्या वर्षी हे म्हणतील, खुर्ची तर आहेच, मावशींना कशाला त्रास. गाडी काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कपाटासमोर उभा राहिला. आई खुर्चीत बसून चहा पीत होती.

"आई, जरा ऊठ."

"बघ," आई सुनेला म्हणाली, "अख्ख्या गावात हे म्हणायला एकच माणूस आहे."

आणि चहा संपेपर्यंत ती बसून राहिली.